वरच्या गटातलं त्रैराशिक

३ सप्टेंबर
आजपासून कन्येच्या गणिताची सूत्रं माझ्या हातात. शाळेची पद्धत नीट समजावून घेतली. आठवीला गणिताचे तीन गट : वरचा, मधला, खालचा. अर्धे गुण चाचणीचे, अर्धे गृहपाठाचे. गृहपाठ वर्कशीटवर येतो, सोडवून परत द्यायचा. अधूनमधून मुलांची वरखाली बदली. नववीच्या शेवटी जो वरच्या गटात, त्याला सायन्सचं दार उघडं. बाकीच्यांनी इतर दारं ठोठावायची. म्हणजे मिशी फुटायच्या आत पोरांचं भवितव्य ठरवून शाळा मोकळी!
कन्या मधल्या गटात आहे आणि मजेत आहे. ही मजाच मला खटकते.
ठराव : मी फक्त तपासणार. पेन्सिलीला हात लावणार नाही. पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागात आकड्यांशी झुंजण्यात हयात गेली माझी. तपासणं म्हणजे डाव्या हाताचा मळ.

५ सप्टेंबर
पेन्सिलीला हात लावला. एकच गणित, तेही नमुना म्हणून. इतके नळ टाकी इतक्या वेळात भरतात, तर तितके नळ किती वेळात? पाणीपुरवठ्यातल्या माणसानं इथे गप्प बसणं म्हणजे खात्याचा अपमान. आमच्या वेळचं त्रैराशिक मांडलं आणि तीन ओळींत उडवलं. कन्येनं विचारलं, की हे काय आहे. म्हटलं, पुढे कळेल. तिनं आपल्या अक्षरात उतरवून घेतलं. अक्षराचा सराव झाला, तेवढाच फायदा.

११ सप्टेंबर
बाईंचा लाल शेरा : ‘वेगळा विचार! छान!’ गणिताच्या बाई तरुण आहेत. त्रैराशिक हा प्रकार त्यांच्या जन्माआधीच शाळेतून रिटायर झालेला दिसतो.
आमच्या हिला शेरा दाखवला. ही म्हणाली, की शेरा नक्की कुणाला मिळालाय? म्हटलं, घराण्याला. त्यावर ही गप्प. हिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत चांगला कळतो. आज कळवून घेतला नाही.

२४ सप्टेंबर
आता सगळी वर्कशीट मीच सोडवतो. याला सहकार्य म्हणतात. कन्या शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढते. छान काढते.

४ ऑक्टोबर
कन्या वरच्या गटात!! चाचणीत गुण बेताचेच होते, पण गृहपाठातला ‘स्वतंत्र विचार’ बघून बाईंनी उचलून वर नेलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. प्यूनला दोनदा सांगितलं.
घरी मात्र सुतक. तिची जिवलग मैत्रीण मधल्या गटातच राहिली. कन्या अर्ध्या जेवणावरून उठली. म्हटलं, वरच्या गटातही मैत्रिणी असतात. नंतर मलाही जेवण गेलं नाही. पित्त असावं.

९ ऑक्टोबर
बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं. म्हणाल्या, की तुझी ती खास पद्धत सगळ्यांना समजावून सांग. कन्या खडू धरून उभी. फळ्यावर फक्त ‘त्रैराशिक’ लिहिलं, तेही र्‍हस्व-दीर्घ चुकवून. पुढे काही येईना. वर्ग हसला. आता पोरं तिला ‘त्रैराशिक’ अशीच हाक मारतात.
हे सगळं तिनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. मी म्हटलं, पोरं काय, चिडवायचीच. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. आमच्या खात्यात पाणी असं वाया घालवणाऱ्यांना आम्ही नोटीस देतो.
लिहूनच ठेवतो : चूक माझी आहे. पोरीचा काही दोष नाही. उद्या शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगणार. उद्या म्हणजे उद्याच.

१० ऑक्टोबर
गेलो नाही. ऑफिसात तपासणी होती.
नव्हती. पण असू शकली असती.

१५ ऑक्टोबर, सकाळ
कन्येचं पोट दुखतंय. पहिला तास गणिताचा असतो त्याच दिवशी दुखतं. डॉक्टरांकडे नेऊ का, असं हिला विचारलं. ही म्हणाली, की दुखणं तिच्या पोटात आहे, पण त्याचं मूळ तुमच्या डोक्यात आहे. हिचं वैद्यकीय ज्ञान कधीकधी जिव्हारी लागतं.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
शाळेत जाऊन आलो! फाटकातच बाई भेटल्या. पाचेक मिनिटं हवेवर बोललो. त्यांनी विचारलं, की काही काम होतं का. तोंडून निघून गेलं, की शाळेची पाण्याची टाकी बघायला आलोय. मग टाकी बघावी लागली. झाकण नीट बसत नाही. तसं त्यांना सांगितलं.
लाज वाटते. टाकीवर चढायला घाबरलो नाही आणि एक वाक्य बोलायला घाबरलो.

२८ ऑक्टोबर
चमत्कार! पोटदुखी पळाली. कन्या शिट्टी वाजवत शाळेला जाते. शेवटी रुळली वरच्या गटात. मुलांना थोडा ताण द्यावाच लागतो, हे मी म्हणतच होतो (कुणाला म्हणालो ते आठवत नाही).
माझाही हात चांगला बसलाय. परवापर्यंत घाम फोडणारी वर्कशीट आता चहा निवायच्या आत होतात. आता बाईंना सांगायचं म्हणजे सुरळीत चाललेल्या गाड्याला खीळ घालायची. तिच्या भल्यासाठीच गप्प बसतोय.
तरी वर्कशीट उचलताना ती ‘थँक्यू बाबा’ म्हणते, तेव्हा मान वर होत नाही.

१२ नोव्हेंबर
उद्या पालकसभा. आता टाकी नाही, हवा नाही. आरशासमोर तालीम केली. सुरुवात ‘एक पालक या नात्याने’ अशी. ही दारातून बघत होती. म्हणाली, की ‘मी चुकलो’ एवढंच म्हटलं तर लवकर आटपेल.

१३ नोव्हेंबर
प्रत्येक पालकाला दहा मिनिटं. मुलांच्या बाकात बसवतात. गुडघे अडकले. ‘एक पालक या नात्याने’ म्हणालो आणि पुढची तालीम विसरलो. मग ‘मी चुकलो’ म्हणालो आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं.
बाई अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, की हे सगळं तिनं गेल्या महिन्यातच येऊन सांगितलंय. स्वतःहून मधला गट परत मागितला. तीन आठवडे झाले, तिथेच आहे. गृहपाठ मधल्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर बसून करते. गुण साधारण, पण स्वतःचे.
विचारलं, की मला का नाही कळवलं. बाई म्हणाल्या, की तिनंच विनवलं होतं. बाबांना वाईट वाटेल, मीच हळूहळू सांगेन, म्हणाली.
दहा मिनिटं संपली. मला बाकातून निघता येईना. पुढच्या पालकांनी धरून काढलं.
घरी येऊन कन्येला विचारलं, की मग मी रोज सोडवतो ती वर्कशीट कुठली? तिनं आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघू लागली. म्हणजे हिलाही माहीत होतं. कन्या म्हणाली, की सहावीची आहेत, झेरॉक्स काढून आणते. आधी सातवीची आणली होती, पण त्यात तुझं बरंच चुकायला लागलं. तू हिरमुसला असतास, म्हणून.

१४ नोव्हेंबर
कन्येची माफी मागितली. ‘इट्स ओके बाबा’ म्हणाली. तिच्या वयाला मी ओरडलो तरी असतो कुणावर. ती ओरडलीही नाही. त्याचंच जास्त लागलं.
संध्याकाळी ती टेबलाशी गणितं करत बसली. खरी, आठवीची. मी समोरच पेपर धरून बसलो. बोलायचं नाही, असा ठराव. एक गणित अडलं. तिनं मांडलं, खोडलं, परत मांडलं, परत खोडलं. मी पेपर खाली ठेवला. खुर्ची जराशी पुढे घेतली. घसाही खाकरला.
तिनं मैत्रिणीला फोन लावला. मग फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाली, की बाबा, जरा आत बसतोस का?
आत बसलो आहे.