जळालेल्या जहाजाला एक तारा

२७ डिसेंबर

पाहिला! शेवटी पाहिला. पुतणीला, जोसेलिनला, बरोबर घेऊन इलोइलोच्या मॉलमध्ये, पहिल्याच खेळाला. अडीच तास समुद्री चाचे किंचाळत होते, तलवारी खणखणत होत्या. कथा काय होती, विचारू नये. मी फक्त माझ्या नवऱ्याच्या जहाजाकडे बघत होते. दोलोंगने अकरा महिने खपून या पिक्चरसाठी बांधलेलं. दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या, वेताने आवळलेल्या. वेत भिजवताना त्याची बोटं सुजायची, मी कोमट तेल लावायचे.

आणि शेवटी — जाळलं! मागची पोरं शिट्ट्या मारत होती.

मग पडद्यावर नावं. कॉफी देणाऱ्याचंसुद्धा नाव. दोलोंगचं नाही. दिवे लागले तरी बसून राहिले. झाडणारी बाई म्हणाली, "बाई, संपलं हो."

नाही संपलं.

२८ डिसेंबर

त्या जहाजाला कोंबड्याचं रक्त लागलं होतं. तळाच्या पहिल्या लाकडावर, सूर्य उगवायच्या आत, दोलोंगने स्वतः लावलं. रक्त प्यालेलं जहाज जिवंत असतं. कुजू दे, बुडू दे, पण जाळायचं नाही. पिक्चरवाल्यांना हे कोण सांगणार! शूटिंग संपवून तो घरी आला, "जळलं" एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जूनमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला माहीत आहे काय ते.

आज त्या पिक्चरच्या पानावर मत नोंदवलं. एक तारा. त्याहून कमी देता येत नाही म्हणे.

२९ डिसेंबर

दिवसभर लोकांची मतं वाचली. "काय लढाई, बापरे!" "राणी बुडते तेव्हा आमची आजी रडली." "चाच्याचे दात फार पांढरे, दर आठवड्याला डेंटिस्टकडे जातो वाटतं." (हे मात्र खरं.)

आणि मनिलाचा एक पोरगा — स्वतःला कप्तान ब्रुनो म्हणवतो, तीन लाख लोक ऐकतात त्याचं. तो लिहितो: "सगळं ठीक, पण शेवटचं जळणारं जहाज नकली. कॉम्प्युटरवर केलेली फसवणूक. लहान मूलसुद्धा ओळखेल."

नकली!

माझा माणूस गेला त्या आगीपायी. आणि हा म्हणतो, आग लागलीच नाही. आधी पिक्चरवाल्यांचा सूड घ्यायचा होता. आता याचा आधी.

३१ डिसेंबर

नवं वर्ष भरभराटीचं जावं म्हणून घरात सगळे ठिपक्यांच्या कपड्यांत, टेबलावर बारा गोल फळं, बाहेर फटाके. मी आतल्या खोलीत ब्रुनोला उत्तर लिहितेय.

२ जानेवारी

मी आता सहा जणी आहे. सहा खाती, सहा नावं. जोसेलिनने उघडून दिली. नावं बघून किंचाळली — "काकू! या तर तुमच्या शाळेतल्या नन!" म्हटलं, त्यांनी मला छळलं, आता माझ्या कामी येऊ देत.

सिस्टर इमाकुलाता म्हणायच्या, राग आला की अक्षर आणखी सुबक काढावं. तसंच लिहिते. एकही वाईट शब्द नाही. "आदरणीय कप्तान, आपण आयुष्यात कधी रंधा हातात धरला आहे का? एका विधवेच्या दुःखाला नकली म्हणताना आपल्या आईने आपल्याला काय शिकवलं ते आठवलं का?" त्याची आई खरंच वाचते म्हणे त्याचं पान. बरं झालं.

दोलोंगशी लग्न करते म्हटल्यावर याच सिस्टर रडल्या होत्या. "होड्या ठोकणारा सुतार, पुरिंग?" मी म्हटलं, येशूला वाढवणारे संत जोसेफ कोण होते, सिस्टर? सुतारच ना?

४ जानेवारी

गाव पेटलंय! चारशेवर लोकांनी ब्रुनोला झोडपलं. पिक्चरलाही. मॉलमध्ये दोन पडद्यांवर होता, आता एकावर. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले. दोलोंगच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून त्याला सगळं वाचून दाखवलं.

५ जानेवारी

बेर्तिंगभावजी आले. कॉफी घेतली नाही.

"वहिनी, पुरे करा आता. तो पोरगा चौकशी करत सुटलाय."

"सुटू दे की."

"मेलेल्या माणसाला निवांत पडू द्यावं."

"तुमच्याच भावासाठी भांडतेय मी! तुम्ही तर शूटिंगला बरोबर होतात. तुम्ही का नाही तोंड उघडत?"

टोपी फिरवत बसले. मग उठून गेले.

७ जानेवारी

ब्रुनोने उत्तर दिलं. शिवी नाही, काही नाही. नुसता व्हिडिओ.

पिक्चरचा कॉम्प्युटरवाला सांगतोय — आग आमचीच, सहा जणांनी तीन महिने बसून केली. म्हातारा सुतार जहाज जाळू देईना. आडवा झोपला त्यावर. शेवटी मजुरीऐवजी जहाजच मागितलं त्याने.

मग जहाज. शूटिंग झालं त्या हिगांतेस बेटाच्या धक्क्यावर, उभं! बकऱ्या उतरताहेत त्यातून. उलांड्या त्याच. वेताची गाठसुद्धा तीच. मी हसले, रडले, जोसेलिनला मिठी मारली. जिवंत आहे!

मग ते वळलं आणि पुढची बाजू दिसली. इथे जो तो आपल्या होडीवर बायकोचं नाव रंगवतो. आमच्या पाचही होड्यांवर पुरिंग होतं. यावर त्याच्याच वळणाच्या अक्षरांत — मेर्लिंडा.

८ जानेवारी

भावजींच्या दारात सकाळी साडेसहाला उभी.

"कोण ती?"

"वहिनी... शूटिंगला जेवण रांधायची."

शूटिंग संपल्यावरही दर महिन्याला दोलोंग हिगांतेसला जायचा. "जळकी लाकडं वेचून आणतो," म्हणायचा. मी डबा भरून द्यायचे. भात, सुकी मासळी, गुळातली केळी. दोघांना पुरेल इतकं — भावजी सोबत असतात म्हणून!

भावजी म्हणाले, "मी एकदाही नव्हतो, वहिनी."

९ जानेवारी

एक तारा पुसला. पाच दिले. सहाही जणींकडून. सुबक अक्षरात लिहिलं: "जहाज जळतं तो भाग अप्रतिम. आग आणखी थोडा वेळ चालायला हवी होती."

संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढलंय. पुढच्या रांगेतलं.