कोरडं पेट्रोल

पोलादपूर,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय अश्वजित,

जय भीम.

"ताई, हिला कोरडं पेट्रोल पाजायचं नाय. घोटभरसुद्धा नाय." आमच्या अंगणात चिंधीला हात पुसत तू हे म्हणालास, तेव्हा मी हसले होते. पेट्रोल कधी कोरडं असतं का रे? तू म्हणालास, "गाडीचा तेलपंप काढलाय मी. आता पेट्रोलात तेल मिसळलं नाय, की ते कोरडं. इंजिन आतून जळतं."

इकडे सगळं ठीक आहे. माझी शाळा चालू आहे. सासूबाईंना आता दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. आंब्याला मोहोर बरा आहे. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

श्रुतिकाने तुला फोन केला, हे तिनेच मला सांगितलं. मोटरसायकल कागदावर अजून तुझ्याच नावावर आहे. माझ्या लग्नात तू ती दाजींना दिलीस आणि नाव बदलायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारी माझी लेक नोंदणीचा फॉर्म घेऊन कळंबोलीला तुझ्याकडे येणार, आणि तू सही करतो म्हणालास.

इतकी वर्षं मी कायद्याच्या भरवशावर होते. धुराचे नियम कडक झाले, तसल्या टू-स्ट्रोक गाड्या बनायच्या बंद झाल्या, पार्ट मिळेनासे झाले. २०१४ला नोंदणीची पंधरा वर्षं संपली, तेव्हा मी कुणाला बोलले नाही. पडवीत ताडपत्रीखाली गाडी उभी. मनात एकच होतं, कधीतरी सरकारचा माणूस येईल आणि भंगारात घेऊन जाईल. मला हात लावावा लागणार नाही.

पण श्रुतिका मला मोबाईलवर नियम वाचून दाखवते. "आई, जुनी झाली म्हणजे भंगारातच जाते असं नाय. तपासणीत पास झाली तर पाच वर्षं मिळतात."

"एवढा धूर बघून पास करतील?"

"तुला ती नापासच व्हायला हवीय ना गो?"

मग म्हणाली, "बाबांचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. आवाज मात्र आठवतो, गाडीचा. वळणावर आले की कळायचं." चार वर्षांची होती ती. आता तिला ती गाडी घेऊन आंबेनळी घाटातून जायचं आहे. त्याच रस्त्याने, मुद्दाम. हे ऐकल्यापासून फळ्यावर अक्षर नीट येत नाही.

काल सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या भावाला इंजिन खोलू देव नको. एकदा खोललं तेवढं पुरं झालं." मी गप्प बसले. सोळा वर्षं अशीच गप्प आहे.

तुझे दाजी गेले त्याच्या आठ दिवस आधी तू नवा पिस्टन बसवला होतास. घाटाच्या चढावर इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं, मागून टेम्पो आला. सगळे म्हणाले, पिस्टन घट्ट बसवला. तूही तेच मानलंस. दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्या पायाशी बसून म्हणालास, "ताई, माझ्याच हातनं झालं." तेव्हापासून तू इंजिन उघडलं नाहीस. तुझ्यासारखा कारागीर टायरची पंक्चरं काढत बसला.

त्या सकाळी पेट्रोल मी ओतलं होतं, अश्वजित.

आदल्या दिवशी कॅन भरून आणला होता. दाजी बूट घालत होते, म्हणाले, "टाकीत ओत तेवढं." श्रुतिका तापाने फणफणलेली, कडेवर रडत होती. मी ओतलं. तेल घातलं नाही. तेलाची बाटली फळीवर तशीच सीलबंद होती, ती मला दुपारी दिसली. तोवर बातमी आली होती. मी ती चुलीमागे लपवली आणि पुढे सावित्री नदीत सोडून दिली.

तुझा पिस्टन चांगला होता.

पत्र लिहायला बसले ते "सही करू नकोस" म्हणायला. आता तेही म्हणता येत नाही. तुला स्वतःच्या हातांची भीती होती, तोवर निदान तू कचरला असतास. आता कशाला कचरशील? आणि तू नाही म्हणालास तरी ती कागदांवाचून चालवेल, बापाचीच लेक आहे. गाडी रस्त्यावर येणार. कुणीतरी टाकी भरणार. तुझं ते वाक्य तिला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येत नाही. सोळा वर्षांत मी भाजीलासुद्धा कोरडी म्हटलेलं नाही, सुकी म्हणते.

म्हणून तू ये. इंजिन तूच उघड, आमच्या अंगणात, सासूबाईंना ऐकू जाईल असं. आणि श्रुतिकाला ते वाक्य तुझ्या तोंडाने सांग. ह्या अंगणात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाला होतास. हे वाचल्यावर तर कशाला टाकशील. तरी ये.

जिच्या गप्प बसण्याने तुझे हात थांबले, ती
तुझी ताई