मादर एस्कोलास्तिकाच्या हयातीचे दाखले

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

कॉफी गार. सलग सतरावा दिवस! हे लिहून ठेवणं कर्तव्य समजतो. या घराचा, म्हणजे जुन्या मठाचा, इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने स्वतःवर होणारे अन्याय आधी टिपावेत. बावीस वर्षं कोइम्ब्राच्या विद्यापीठात संस्कृत शिकवलं, तिथेही कॉफी वाईट होती, पण निदान चटका बसायचा.

दोष अंतराचा नाही. स्वयंपाकघरापासून माझ्या टेबलापर्यंत अख्खी ओवरी चालावी लागते, हे खरं. पण ओवरीतल्या दगडी बाकावर दोना इडालिना बसलेल्या असतात. मालकीणबाई, वय नव्वद. सेफेरिना ट्रे घेऊन निघाली की तिला अडवतात, गावभरच्या बातम्या काढून घेतात, आणि माझ्या बशीतल्या अंड्याच्या बलकाच्या दोन मिठायांपैकी एक उचलतात. मग उरलंसुरलं माझ्याकडे.

सेफेरिनाकडे तक्रार केली. इथली स्वयंपाकीण तीच आणि कारभारीणही तीच. म्हणाली, त्यांनाच सांगा की. नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी

आज थोडं काम. पुरुषांचे मठ सरकारने १८३४ साली एका फटक्यात बंद केले. नन्सच्या बाबतीत मात्र मन द्रवलं – नवी घ्यायची नाही, पण असलेल्या मरेपर्यंत राहू द्यायच्या. शेवटची गेली की मठ सरकारजमा.

इथली शेवटची नन मादर एस्कोलास्तिका. १८९९ साली वारली. वय वर्षं एकशे अकरा! वेशीवर निळ्या फरशीत तसं कोरलंय. गावाला विचारलं तर सगळे विहिरीच्या पाण्याचा गुण सांगतात.

गंमत म्हणजे आजही तीच अवस्था. घर कागदोपत्री पुतण्याचं, लिस्बनच्या लेओनेलचं. आत्या जिवंत असेपर्यंत त्याला काही करता येत नाही; त्यानंतर हॉटेल. मग सेफेरिना, वरच्या खोल्यांत राहणाऱ्या दोन विधवा म्हाताऱ्या, सगळ्या रस्त्यावर. नव्वद वर्षांच्या एका बाईच्या श्वासावर एवढं घर टांगलंय. आणि ती बाई मिठाई चोरते.

११ फेब्रुवारी

उद्यापासून चाळीस दिवसांच्या उपासाचा काळ. दोना इडालिनांनी आज दोन्ही मिठाया खाल्ल्या – आगाऊ भरपाई.

१४ फेब्रुवारी

गठ्ठा सापडला! मादरच्या हयातीचे दाखले, ओळीने. दरवर्षी सरकारी कारकून यायचा. मादर लोखंडी जाळीपलीकडे, हनुवटीपर्यंत काळा बुरखा. तोंड बघायचं नाही, हा मठाचा नियम. कारकुनाने नाव, वय, प्रकृती विचारायची. कागद भिंतीतल्या फिरत्या कपाटात ठेवायचा. कपाट फिरून सही होऊन परत यायचा, सोबत मिठाईची बशी.

१८७५ची सही पाण्यावर काढल्यासारखी थरथरते. १८७६चा दाखला नाही. १८७७ची सही – धुणं पिळावं तशी जोरकस! मादर तेव्हा एकोणनव्वद वर्षांच्या.

पुढे कारकुनांचे शेरे. १८८० – 'मादर गेल्या वर्षीपेक्षा उंच वाटल्या.' १८८८ – 'आवाज बराच सुधारला आहे. हवापालटाचा गुण असावा.' शंभर वर्षांची, उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकलेली बाई! कसला हवापालट?

धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे आम्हाला न्यायशास्त्रात घोकवलं होतं. इथे नुसता धूर. अग्नी केव्हाच विझलेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेओनेल आला होता. माणूस वाईट नाही, फक्त खिशात मोजायची टेप असते. चौकातलं संत्र्याचं झाड काढलं तर पोहण्याचा तलाव किती लांब होईल, ते मोजलं. जाताना आत्याच्या गालाचा पापा घेऊन म्हणाला, तू काय, शंभरी गाठणार.

"शंभर?" दोना इडालिना म्हणाल्या, "या घरात कमीत कमी एकशे अकरा."

२२ फेब्रुवारी

१८९४पासून कारकून बदलला. आन्सेल्मो किन्तेला, वय सव्वीस. पहिल्या वर्षी एक भेट. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षापासून दर गुरुवारी! एका दाखल्यासाठी एवढी कर्तव्यदक्षता मी सरकारी खात्यात पाहिलेली नाही. शेरे वाचावेत – 'प्रकृती उत्तम.' 'प्रकृती उत्तम, स्वभाव विनोदी.' 'मादर आज हसल्या.' मग जून १८९९ – 'मादर निवर्तल्या.' शोकाचा एक शब्द नाही.

दुपारी चर्चची वही उघडली. जानेवारी १९००: आन्सेल्मो किन्तेला याचा विवाह मठाच्या स्वयंपाकिणीची भाची बाल्बिना हिच्याशी. वधूचं वय चोवीस. त्याच वर्षी मठाचा लिलाव. एकच बोली. गावातलं दुसरं कुणी फिरकलंच नाही.

दोना इडालिनांचं आडनाव किन्तेला. आईचं नाव बाल्बिना.

पेन खाली ठेवलं. नव्वद वर्षांच्या बाईला कसं सांगायचं, की तुमची आई तेविसाव्या वर्षी एकशे अकरा वर्षांची होती? आणि फरशी कोरून घेतलेल्या गावाला?

२६ फेब्रुवारी

नाही सांगितलं. बाकापाशी गेलो, हवेबद्दल बोललो, परत आलो.

१ मार्च

सांगितलं. म्हणजे सुरुवात केली.

"दोना इडालिना, तुमच्या आईबद्दल जरा –"

"एकशे अकरा ना? बरेच दिवस लावलेत."

मी बाकावर बसलो. त्या माझीच मिठाई खात होत्या. उपासाचे दिवस, वयामुळे आपल्याला सूट आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवलंय.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गावात सगळ्यांना माहीत होतं, प्रोफेसर. माहीत नव्हतं ते सरकारला. आणि तुम्हाला."

मग सगळं सांगितलं, कुणा शेजारणीचं सांगावं तसं. मादर १८७६मध्येच गेली. घरात मोलकरणी, विधवा, एक अनाथ पोर – सात जणी. मादर गेली म्हटलं की सगळ्या बाहेर. तिला संत्र्याच्या झाडाखाली पुरली आणि स्वयंपाकीण ब्रिजिदाने तिचा दुसरा झगा चढवला. तिच्यानंतर आणखी एक. शेवटी भाची. आन्सेल्मोला दुसऱ्याच भेटीत कळलं होतं – कपाट फिरलं तेव्हा बशीवर एक तरुण हात राहून गेला होता, भट्टीचा डाग असलेला. त्याने घरी जाऊन लिहिलं, प्रकृती उत्तम.

"मग ९९ साली का संपवलं?"

"लग्न करायचं तर आधी मरायला नको?"

हसलो, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वडिलांनी घर घेतलं ते त्या बाया शेवटपर्यंत राहाव्यात म्हणून. राहिल्या. शेवटची गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

छापू का, विचारलं.

"छापा. पहिली प्रत लेओनेलला."

२ मार्च

सेफेरिनाला पेटीत जुना काळा बुरखा सापडला. दोना इडालिनांनी तिला घालून बघायला लावला. खांदे फार रुंद आहेत म्हणाल्या, पण सरकारला चालतात. वरच्या दोघी जिन्यात बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

९ मार्च, रविवार

लेओनेलने हस्तलिखित ओवरीत उभ्याउभ्या वाचलं. मोठ्याने हसला. शेवटची पानं वाचताना हसला नाही. मग संत्र्याच्या झाडाखाली बराच वेळ उभा होता. वरच्या दोघींसाठी जळण वर नेऊन दिलं, कुणी सांगितलं नसताना. तलावाचं काही बोलला नाही. टेप गाडीतच राहिली.

एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, हेही न्यायशास्त्रच. पण काढला.

१५ मार्च

दोना इडालिनांना खोकला. माझी गार कॉफी प्यायल्यानेच झाला, म्हणे.

२१ मार्च

कॉफी गरम आली. जीभ पोळली.

बशीत मिठाया दोन्ही शाबूत. सेफेरिना ट्रे ठेवून काढा घेऊन दोना इडालिनांच्या खोलीत गेली. ओवरीतला बाक तीन दिवस रिकामा आहे.

इतके दिवस इथे घराची काळजी लिहीत आलो, इतिहासाची, तलावाची. ती खरी नव्हती. मला काळजी दोना इडालिनांची आहे. दाखल्यावर सही काय, कुणीही करेल. मीसुद्धा करीन. पण मला त्याच हव्या आहेत.