हिरव्या पडद्यापुढच्या बांगड्या

लिहून ठेवणार : दिनानाथ सखाराम मयेकर, निवृत्त, राहणार नेरुळ, नवी मुंबई.

माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहिताना माझ्यावर कुणाचा धाक नाही, भीड नाही. हृदयाचे म्हणाल तर डॉक्टरांनी ते उघडून पाहिले आणि फारशी हमी दिलेली नाही. म्हणून शुद्धीत असतानाच राजीखुशीने हे लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक, घरातले सगळे सामान पत्नी सौ. सुमेधा हिला पूर्ण मालकीने. मुलगा अभिराम याने त्यावर हक्क सांगू नये. तो सांगणारही नाही, पण वकीलबाई म्हणाल्या लिहा, म्हणून लिहिले.

२. शिरवण्याच्या गाळ्यात मी आणि माझा भागीदार श्यामसुंदर यांनी मारामारीचा व्हिडिओ गेम केला होता. माझा हट्ट असा, की लढणारी माणसे खरी हवीत. हिरव्या पडद्यापुढे त्यांचे चित्रण करायचे, मग संगणकाला सांगायचे, हिरवे दिसेल ते काढून टाक. उरतो तो माणूस. पहिला पैलवान शिरवण्याचाच गोटीराम. श्यामसुंदर त्याचे सुटलेले पोट झाकायला निघाला तेव्हा तो म्हणाला, "पोट माजा हाय, तुमचे मशीनचा नाय." ते पोट गेममध्ये जसेच्या तसे हलते. या मृत्युपत्रावर तोच साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून गोटीरामचे नुसते आभार.

लढायला बाई मिळेना, तेव्हा सुमेधा कासोटा घालून उभी राहिली. श्यामसुंदर म्हणाला, "वहिनी, बांगड्या हिरव्या आहेत. काढून ठेवा." ती भडकली. "नवरा समोर धडधाकट उभा आहे आणि बांगड्या काढू? पडदा बदला की तुमचा!" मी म्हणालो, "राहू दे, नंतर बघू." कॅमेरा भाड्याचा, संध्याकाळी परत गेला. आणि संगणकाने पडद्याबरोबर बांगड्याही काढल्या. दंड एकीकडे, पंजे दुसरीकडे, मध्ये मनगटच नाही! एकेका चित्रात मनगटे रंगवायला बसलो, ती पुरी झाली नाहीत. गेम तसाच बाजारात गेला. सायबर कॅफेतली पोरे तिला 'तुटकी काकी' म्हणायची. ती हसण्यावारी न्यायची. मला मात्र अजून लागते.

तो हिरवा पडदा माळ्यावर आहे. तो श्यामसुंदरला द्यावा. गेम चालेना म्हटल्यावर तो मला सोडून दुसऱ्या कंपनीत संगणकातल्या बाहुल्या घडवायला गेला. गाडी झाकायला त्याला उपयोगी पडेल.

३. चित्रणाच्या टेपा अभिरामला. तोही गेमच करतो, पण त्याची माणसे संगणकातच घडवलेली. आमचे यावरून नेहमी वाजायचे. "बाबा, तुमची माणसं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी. मागून कशी दिसतात ते तुम्हालाही माहीत नाही." "आणि तुझी साबणाच्या वडीसारखी. घाम नाही, सुरकुती नाही." गेल्या दिवाळीत त्याने आईचे मॉडेल घडवून आणले. कुठूनही फिरवा, हुबेहूब सुमेधा. पण हात मोकळे. विचारले तर म्हणाला, "हात हलला की बांगड्या मनगटातून आरपार जातात, म्हणून घातल्याच नाहीत."

सुमेधा ते फिरवून बघत म्हणाली, "दोघांनीही माझे हात रिकामेच ठेवले." त्या दिवसापासून मला चैन नाही. कारण तिसऱ्यांदा ते रिकामे होतील तेव्हा मी बोलायला नसेन.

४. म्हणून मुद्द्याचे. माझी थोरली बहीण वेणूताई दिघ्याला असते. धाकटा भाऊ गेला तेव्हा भावजयीच्या बांगड्या तिनेच फोडल्या. मनाने वाईट नाही, रीत म्हणते. माझा देव्हारा तिला, पण एका अटीवर : मी गेल्यावर सुमेधाच्या बांगड्यांना हात लावायचा नाही. लावला तर देव्हाराही नाही. कपाळावरच्या कुंकवालाही तिने हात लावायचा नाही. अभिरामने आईशेजारी उभे राहावे. सुमेधाने बांगड्या कायम हातात ठेवाव्यात.

५. दुरुस्ती. वरचा मजकूर आज दुपारी सुमेधाला वाचून दाखवला. वाटले, डोळे पुसेल. तर म्हणाली, "म्हणजे ठेवायच्या हेही तुम्हीच ठरवणार? पडदा आणताना मला विचारलं नव्हतंत. आता तरी विचारा."

अहो, खरेच की! मी विचारले. ती म्हणाली, "वेळ आली की सांगेन. तुम्ही आधी गोळी घ्या."

सबब कलम ४ मधले शेवटचे वाक्य रद्द. वेणूताईची अट कायम. बांगड्या ठेवायच्या की उतरवायच्या, हे फक्त सुमेधा ठरवील. तिने ठेवल्या तर अभिरामने मॉडेलच्याही हातात घालाव्यात. मनगटातून आरपार गेल्या तरी चालतील. मोकळे हात मला पुन्हा बघायचे नाहीत, आणि मी बघायला नसेन हे मला कळते, तरी लिहितो.

दुरुस्तीसह सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

दिनानाथ सखाराम मयेकर (सही)

साक्षीदार :
गोटीराम पदाजी भोईर, शिरवणे (सही)
हितेश रमणिक ठक्कर, सोसायटीचे सेक्रेटरी (सही)

स्थळ : नेरुळ, नवी मुंबई
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५