यांची पहाट तडकते

ती. दादास, दुरूनच पाया पडतो.

मी खुशाल आहे, पण या परमुलखातल्या इंग्रजीने जीव मेटाकुटीला आलाय. मुकादम म्हणाला, "उद्या क्रॅक ऑफ डॉनला ये." मी गवंडी माणूस, क्रॅक म्हणजे भिंतीतली भेगच समजलो. पूजा उरकून, भेग बुजवायचं सामान घेऊन सावकाश पोचलो, तर काँक्रीटची गाडी रिकामी होऊन गेलेली आणि गडी माझ्या नावाने खडे फोडतायत.

"डॉन म्हणजे पहाट!" मुकादम ओरडला. "अजून डॉन होत नाही का तुला?"

म्हणजे डोक्यात उजेड पडणं हेही डॉनच! आपलं तांबडं नुसतं फुटतं, यांची पहाट तडकते.

वहिनीचा गुडघा कसा आहे? आई विचारते, परत कधी येणार. मुकादम म्हणतो, आणखी एकदा उशीर झाला तर लगेच. तिला एवढंच सांग, हल्ली मी फार लवकर उठतो.

तुझा धाकटा