मुका मार

माय, गेल्या आठवड्यात माझ्याही छातीत उजव्या बाजूला गाठ सापडली. सुई घालून तपासणी झाली, अहवाल आला, आणि तुझ्या वेळी ज्या गोष्टीचं नाव कोणी नीट घेतलं नव्हतं तीच निघाली. झपाट्यानं वाढणारी जात आहे, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी. सोमवारपासून सलाईनमधून औषध सुरू होईल. मी यातून वाचेन की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही, कारण उत्तर कसं फिरवून देतात ते मला माहीत आहे. मी नागपूरला एका प्रयोगशाळेत काम करते. अशाच गाठींच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवायच्या आणि झाडपाल्यातली द्रव्यं त्यांच्यावर घालून पाहायची, हे माझं पोटापाण्याचं काम. तू गेलीस तेव्हा मी नववीतून दहावीत गेले होते. तुला सांगण्यासारखं माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं, आता आहे तर ऐकायला तू नाहीस.

मला तो पोळ्याचा दुसरा दिवस दिसतो, गोटमारीचा. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, शेंड्याला झेंडा, इकडून आपले पांढुर्ण्याचे आणि तिकडून सावरगावचे, आणि दोन्हीकडून गोटे सुटलेले. आपण काठावरच्या एका ओळखीच्या घराच्या माडीवर उभ्या होतो. तुझं माहेर सावरगावचं, त्यामुळे तू कोणाच्या बाजूनं आहेस यावर दरवर्षी घरात थट्टा चालायची. तिकडून एक चुकार गोटा आला आणि तुझ्या छातीवर बसला. तू मटकन खाली बसलीस. बाबा धावत आले, रक्त नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "माहेरचा आहेर भेटला व तुले." तू पदर तोंडाला लावून हसलीस, डोळ्यांत पाणी होतं तरी हसलीस.

काही दिवसांनी तू आजीला, तुझ्या सासूला, हळूच म्हणालीस, "मामीजी, गोटा लागला तिथं गाठ बसून राहिली." आजीला त्यात नवल काय वाटणार. गोटमार झाली की अर्ध्या गल्लीचे खांदे, नडग्या, पाठी तिनंच शेकलेल्या. "मुका मार हाय तो," ती म्हणाली, "रक्त गोठलं असन आतमंधी. हळद-चुना लाव, आपोआप इरते." आणि खरंच, तिच्या हातचे सगळे बरे झाले होते. बाईच्या छातीबद्दल एरवी आपल्या घरात कोणी तोंड उघडलं नसतं, पण गोट्याबद्दल चारचौघांत बोलता येत होतं. शेजारच्या काकूंनी देवीच्या देवळातली राख आणून दिली. बाबाही रोज विचारायचे, "गोट्याचं कसं आहे?" मला आता त्या प्रश्नाचा संताप येतो, आणि ते किती काळजीनं विचारायचे ते आठवून रडूही येतं.

सकाळी चुलीपाशी लोखंडी पळीत हळद कालवून तू चुना घालायचीस आणि पिवळा रंग बघता बघता लालभडक व्हायचा. लाल झाला म्हणजे औषध लागू पडणार, असं आजी सांगायची. तुझा हात वर उचलेना तेव्हा लेप लावायचं काम माझ्याकडे आलं. "बोटानं टोचू नको, तळव्यानं लाव," तू म्हणायचीस. एकदा मी पुस्तकात डोकं घालून बसले आणि लेप निवून गेला. तू इतकी चिडलीस की पळीच आपटलीस. "थंड्या लेपाचं काय करू मी? चाटू?" मग दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस, आणि संध्याकाळी पदराच्या गाठीतून एक गोड संत्रं काढून माझ्या हातावर ठेवलंस.

आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल आला होता तेव्हा. संत्र्यांच्या ढिगापाशी बायकांच्या रांगेत तू बसायचीस, चांगलं एकीकडे, डागी दुसरीकडे. त्या वर्षी तू डाव्या हातानं निवडायला लागलीस. एक दिवस शाळेतून मी थेट तिकडेच आले, तर तू मला पेट्यांच्या आड बोलावलंस आणि पदर बाजूला केलास. "पाहाय ना, कशी दिसून राहिली चामडी?" कातडी जाड झाली होती, तिच्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते. तू ढिगातलं एक संत्रं उचलून शेजारी धरलंस. "अशीच ना?" मी म्हटलं, "हाव." तू त्या संत्र्याकडे बघत राहिलीस. ते निरोगी होतं, तरी तू ते डागी मालात टाकलंस. आजी म्हणाली, चुन्यानं भाजलं असेल, तूप लाव.

पुढे शिकताना ते लक्षण मला पुस्तकात भेटलं, माय. डॉक्टरांनीही त्याला संत्र्याच्या सालीचंच नाव दिलंय. मी पुस्तक मिटलं, बाहेर टपरीवर जाऊन उभी राहिले आणि चहा निवेपर्यंत हातात धरून ठेवला.

होळी जवळ आली तेव्हा बाबा तुला पॅसेंजरनं नागपूरला घेऊन गेले. मीही होते. डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, बोळा लाल झाला. त्यांना आधी रक्तच वाटलं. "हे काय लावलंय?" बाबा म्हणाले, "गोटा लागला होता, साहेब. गोटमारीत." डॉक्टरांनी गाठ पुन्हा दाबून पाहिली. मग म्हणाले, "गोट्यानं अशी गाठ होत नाही. ही आधीपासून असणार." बाबा आपल्या चपलांकडे बघत राहिले. मला ते कळायला फार वर्षं लागली. गाठ आधीच होती. गोटा लागला म्हणून तुझा हात तिथं गेला, एरवी गेलाही नसता. त्या गोट्यानं वेळेवर खबर दिली होती आणि ती आपण सगळ्यांनी मिळून, मोठ्या मायेनं, हळदीखाली लिंपून टाकली. पुढचा पोळा तू पाहिला नाहीस. त्या साली गोटमारीला बाबा दार लावून घरात बसले.

तीच हळद आता माझ्या टेबलावर असते. तिच्यातलं पिवळं द्रव्य मी या पेशींवर घालते आणि ताटलीत त्या मरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. कारण ताटलीला पोट नसतं, यकृत नसतं, कातडी नसते. माणसानं हळद खाल्ली तर ते द्रव्य रक्तात टिकत नाही, वरून लावली तर गाठीपर्यंत पोचत नाही. आणि चुना पडल्यावर येणारा तो लाल रंग, ज्याची आजी वाट बघायची, तो ते द्रव्य मोडत असल्याची खूण आहे. लोक मला फोन करून विचारतात, "मॅडम, दवाखान्याऐवजी हळदीचं काही सांगा ना." मी त्यांच्यावर खेकसते. सोमवारी माझ्या शिरेत जाणारं एक औषधही मुळात थंड मुलखातल्या एका झाडाच्या सालीतून निघालं. पण सालीपासून सलाईनपर्यंत यायला त्याला कितीतरी वर्षं लागली, आणि तुझ्या वेळी ते आपल्याकडे आलेलं नव्हतं. माझ्यावर ते चालेल का, हे मला ताटलीत बघून सांगता येत नाही.

काल मावशीला सांगायला सावरगावला गेले. पांढुर्णा आता जिल्हा झाला, मावशी मात्र तशीच आहे, फक्त वाकली. मला पोट्टी म्हणणारी तीच एक उरली आहे. सगळं नीट सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं. तिनं माझा हात छातीशी गेलेला पाहिला आणि विचारलं, "काय व, लागलं का काई तिथं?"

मी म्हटलं, "हाव मावशी. कपाटाचं दार लागलं."

ती भिंतीला धरून उठली, स्वयंपाकघरात गेली. पळीचा आवाज आला, मग तो वास. आणि मी, लोकांवर खेकसणारी, मुकाट्यानं बटणं सोडून बसले. तिनं बोटं लावली नाहीत, लेप तळव्यानं लावला, गरम होता तोवर. "मुका मार हाय," ती म्हणाली, "इरून जाईन."

हे पत्र तुझ्यापर्यंत जाणार नाही, म्हणून लिहिते. तिचा हात फिरत होता तेवढा वेळ मलाही दारच लागलं होतं. उद्या सोमवार, दवाखान्यात जायच्या आधी तो लाल डाग धुवायला हवा. अजून धुतलेला नाही.