माझी भेंडाची सुरी देवकीला

हे लिहायला मी पंधरा दिवस लावले. आधी शाई नव्हती. शाई आणली तर कागद इतका चांगला निघाला की त्याचा आकाशकंदील करून टाकला. आता ताप उतरायचं नाव घेत नाही, म्हणून उरलेल्या कागदावर लिहितो.

मी मुकुंद वल्द देवराव, वय वर्षे तेवीस, धंदा लग्नाची बाशिंगं व कागदी आरास, हल्ली राहणार इतवारी, नागपूर, असं लिहून ठेवतो की अंगात ताप असला तरी डोकं जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही. घरमालक चंपतराव समोर बसले आहेत. त्यांनी मला आजचा वार आणि माझं नाव विचारलं, दोन्ही बरोबर आलं. घर, शेत माझ्या नावावर नाही. जे आहे ते या खोलीत, आणि त्यातलंही निम्मं कागदच.

कलम पहिले. खाटेखाली भेंडाच्या, म्हणजे बाशिंगाच्या पाकळ्या ज्यातून कापतात त्या पाणवनस्पतीच्या हलक्या काड्यांच्या, सात जुड्या आहेत. भंडाऱ्याकडच्या एका तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उतरून मी स्वतः काढल्या. खरं तर निघालो होतो रामटेकच्या जत्रेला. वाटेत मासे धरणाऱ्या एका ढिवरानं तळं दाखवलं आणि तिथंच दोन महिने राहिलो. ते असो. ओल लागू देऊ नये. सगळं भेंड माझी थोरली बहीण देवकी हिला.

कलम दुसरे. सोनेरी कागद, अभ्रक, चिंचोक्याच्या खळीचं मडकं आणि लाकडी ठसे, हेही देवकीला. मोराच्या ठशाची चोच तुटली आहे. ती तिनं हातानं काढावी, तिला येते.

कलम तिसरे. भेंड कापायची आजोबांची सुरी, तीही देवकीला. यावर वाद होईल, म्हणून कारण लिहितो.

आमच्याकडे रीत अशी की घरच्या लग्नाचं बाशिंग घरच्या हातानं करायचं नाही, अपशकुन होतो, म्हणून दुसऱ्या कारागिराकडून आणायचं. देवकीच्या लग्नात ते नत्थूजींकडून आलं. त्यावरचा मोर बदकासारखा होता. (नत्थूजींना मी काही ठेवत नाही. माझे ठसे त्यांना बघायलाही देऊ नयेत.) मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, हाताची घमेंड भारी. हळदीच्या दिवशी माडीवर बसून दुसरं बाशिंग केलं आणि गुपचूप बदललं. मांडवात सगळ्यांनी नत्थूजींची तारीफ केली. तीन महिन्यांनी देवकीचा नवरा विहिरीत पाय घसरून गेला.

मी सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. मी बाबांना सांगितलं.

"काहून केलं गा असं?"

"मोर चांगला नव्हता, बाबा."

त्यांनी माझी वळकटी रस्त्यावर ठेवली. म्हणाले, "तू जिथं राहशीन तिथं मी पायातला जोडा काढणार नाही." म्हणजे माझा उंबरा कधी ओलांडणार नाहीत.

याला चार वर्षं झाली. मी बरंच फिरलो आणि परत इथंच आलो. चितारओळीतलं आमचं दुकान या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे. बाबा दोनदा समोरून गेले. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आता या तापाच्या साथीत गल्लीतून रोज तिरड्या जातात, त्याचंही तसंच. खिडकीतून बघतो आणि पुन्हा कागद कापायला घेतो.

मुख्य गोष्ट राहिली. विधवेचा हात बाशिंगाला लागू नये, असं बाबा म्हणतात, बाजारही म्हणतो. पण मागच्या वर्षीच्या वैशाखात बाबांच्या दुकानचं बाशिंग मी एका नवरदेवाच्या कपाळावर पाहिलं. सगळ्या पाकळ्या डावीकडे वळलेल्या. आमच्या घरात डावरी फक्त देवकी, आणि नवरा गेल्यापासून ती माहेरीच आहे. बाबांची बोटं आखडली आहेत हे ठाऊक होतं. मग काम कोण करतं, ते त्या दिवशी कळलं. ती दाराआड बसून करते आणि नाव बाबांचं होतं. मी कोणाजवळ बोललो नाही. तो नवरदेव परवा खिडकीतून गल्लीत दिसला. त्याला ताप येऊन गेला, बरा झाला. कडेवर पोरगी होती.

म्हणून माझी इच्छा अशी की देवकीनं दुकानात पुढं बसावं, या सुरीनं काम करावं आणि विचारणाऱ्याला स्वतःचं नाव सांगावं. तिच्या नवऱ्याला बाशिंगानंच नेलं असेल, तर ते माझ्या हातचं होतं. तिच्या नव्हे.

हे वाचून दाखवलं तर चंपतराव म्हणतात, "बापानं हो म्हटल्याबिगर ती सुरी पेटीतच पडून राहीन गा. कागदाले कोण विचारते?"

खरं आहे. तरी लिहिलं.

कलम चौथे. चंपतरावांना काही नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. "मंग मले काहून साक्षीदार केलं?" असं म्हणून ते रुसले आहेत. त्यांची नजर कंदिलावर आहे. कंदील खिडकीतून काढू नये. ज्याची खोली त्याचा कंदील.

वरचं सगळं मी पुन्हा वाचलं. खाडाखोड माझीच आहे.

मुक्काम इतवारी, नागपूर. कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८४०.

सही : मुकुंद देवराव

साक्षीदार पहिला : चंपतराव, घरमालक

साक्षीदार दुसरा : (माणूस मिळेना. तापाच्या खोलीत कोणी येत नाही. जागा कोरी ठेवली आहे.)

ता. क. चंपतराव पाणी आणायला खाली गेले होते, ते अर्ध्या जिन्यातूनच ओरडले, "मुकुंदा, देवराव आले गा! तुझे बाबा!"

मी विचारलं, "कुठं आहेत?"

"दारातच हायेत. जोडा काढून राहिले."